दोन शहरांतून एक गाणे: रॉक वादकांनी इलेक्ट्रॉनिक पॉपचा जोडप्रकल्प कसा उभारावा

नाव झालेल्या रॉक बँडमधला वादक सवडीने इलेक्ट्रॉनिक पॉप करायला बसतो, तेव्हा पुष्कळदा बँडचेच एखादे पडून राहिलेले गाणे बाहेर निघते, त्याखाली ड्रम मशिन येते आणि त्याला नवा प्रकल्प म्हटले जाते. हे टाळायचे असेल तर वाद्ये निवडण्याआधी कामाचा क्रम ठरवावा लागतो. त्यासाठी अमेरिकेतल्या ‘द पोस्टल सर्व्हिस’ या जोडप्रकल्पाचे उदाहरण मला सर्वांत उपयुक्त वाटते. ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ या रॉक बँडचा गायक बेन गिबर्ड सिॲटलमध्ये होता आणि ‘डंटेल’ या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा जिमी टँबोरेलो लॉस एंजेलिसमध्ये. डंटेलच्या २००१ च्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी दोघे प्रथम एकत्र आले. पुढे टँबोरेलोने वाद्यसंगीताचे तुकडे टपालाने पाठवायचे, गिबर्डने त्यांत काटछाट करून चाल, शब्द आणि आवाज घालून ते परत धाडायचे, असा शिरस्ता पडला. त्यातूनच २००३ च्या फेब्रुवारीत सब पॉप कंपनीने ‘गिव्ह अप’ हा दहा गाण्यांचा अल्बम काढला, आणि पुढे अमेरिकेत त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

या क्रमातली पहिली गोष्ट तशीच उचलावी: गाण्याचा पाया रॉक वादकाने घालू नये. गिटार हातात घेतली की बोटे सवयीच्या कॉर्डवर जातात, आणि चाल तिथून फारशी हलत नाही. म्हणून ठेका, बेस आणि सिंथचे, म्हणजे सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचे, एखाद-दोन थर एवढे सामान इलेक्ट्रॉनिक बाजूच्या जोडीदाराने आधी तयार करावे, आणि गायकाने ते हाती येईपर्यंत वाट पाहावी. पाया घालणाऱ्यानेही हात आखडता ठेवावा. केवळ वाद्यसंगीत करण्याची सवय असलेला माणूस रिकामी जागा भरून टाकतो. परंतु साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सिंथ दाट भरला, तर शब्दांची व्यंजने त्याखाली दबतात, आणि मग गायकाला ओरडावे लागते किंवा मिक्सिंग करणाऱ्याला सगळे पुन्हा पोखरून काढावे लागते. पायावर स्वतः काही गुणगुणून पाहावे आणि शब्द स्पष्ट कळत नसतील तर एक थर काढावा.

आता टपालाची जागा क्लाउडवरच्या फोल्डरने घेतली आहे, पण देवाणघेवाणीची शिस्त मात्र अधिकच लागते, कारण फाइल पाठवणे फुकट झाले की अर्धवट फाइली फार पाठवल्या जातात. सर्व फाइली ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात ठेवाव्यात. प्रत्येक ट्रॅक (एका वाद्याचे किंवा आवाजाचे स्वतंत्र ध्वनिमुद्रण), मग तो तिसऱ्या मिनिटाला वाजणारी एकच टाळी का असेना, गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून सुरू होईल असा काढावा, म्हणजे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे ट्रॅक शून्यावर टाकले की आपोआप जुळतात. फाइलच्या नावात गाण्याचे कामचलाऊ नाव, टेम्पो (गती), पट्टी आणि आवृत्तीचा क्रमांक असावा. ‘फायनल’ हा शब्द नावात कधीही घालू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याच्याकडे गाणे आहे त्यानेच त्याला हात लावावा. दोघांनी एकाच आठवड्यात एकाच गाण्याच्या दोन वेगवेगळ्या प्रती सुधारल्या, की त्या जोडत बसण्यात नवे काही सुचण्याचा उत्साह संपतो.

गायकाला काटछाटीचा पूर्ण अधिकार द्यावा, हे वाचायला सोपे असले तरी प्रत्यक्षात याच मुद्द्यावर बरीच जोडकामे अडतात. इलेक्ट्रॉनिक पाया पुष्कळदा १६ बारचे (बार म्हणजे ठेक्याच्या ठरावीक मात्रांचा एक गट) एकच आवर्तन घेऊन हळूहळू फुलत जातो, तर पॉप गाण्याला ध्रुवपद लागते, कडवी लागतात आणि ध्रुवपदाकडे परत येताना काहीतरी बदलल्याची जाणीव लागते. गिबर्डने आलेले तुकडे कापून, पुढेमागे करून त्यांना गाण्याचा आकार दिला, म्हणूनच ते संगीत नुसत्या पार्श्वभूमीसारखे राहिले नाही. पाया पाठवणाऱ्याने आपल्या आवडत्या दोन मिनिटांच्या आरंभाचे आठ बार होतील हे आधीच मनाशी मान्य करावे. टेम्पोत बदल करायचा असेल तर तो याच टप्प्यावर करावा, कारण आवाज ध्वनिमुद्रित झाल्यावर तो ताणला किंवा आवळला तर व्यंजनांच्या कडा फाटल्यासारख्या ऐकू येतात.

आवाज घेताना रॉक गायकाला आपली एक जुनी सवय सोडावी लागते. ड्रम आणि ॲम्प्लिफायर यांच्यावर मात करण्यासाठी कमावलेला जोर इथे नुसता परका वाटत नाही, तर यंत्राच्या काटेकोर ठेक्यासमोर तो थोडा हास्यास्पदही ठरू शकतो. पॉप फिल्टर (श्वासाचा फटका अडवणारी जाळी) लावून मायक्रोफोनपासून साधारण १५ सेंटिमीटरवर बसावे, बोलण्याच्या पातळीच्या किंचित वर गावे आणि हेडफोनमधला ठेका मुद्दाम कमी ठेवावा. आलेला पाया आधी एकाच स्टिरिओ फाइलमध्ये उतरवून घ्यावा, जड प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेले आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्राम) बंद करावेत आणि बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणावा. ४८ किलोहर्ट्झला त्याचा विलंब एका दिशेने जेमतेम २.७ मिलिसेकंद होतो, आणि स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊन समेवर घसरण्याचा प्रकार बराचसा थांबतो. परत पाठवताना आवाज रिव्हर्बशिवाय, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याशिवाय, कोरा पाठवावा. हवा असलेला ध्वनिपरिणाम वेगळ्या फाइलमध्ये नमुन्यादाखल द्यावा.

गिटारवर बंदी घालण्याचे कारण नाही. १९८८ मध्ये ‘न्यू ऑर्डर’ या ब्रिटिश बँडचा बर्नार्ड समनर आणि ‘द स्मिथ्स’ या दुसऱ्या ब्रिटिश बँडमधून बाहेर पडलेला जॉनी मार यांनी ‘इलेक्ट्रॉनिक’ ही जोडी जमवली, तेव्हा गिटारसाठीच ओळखला जाणारा मार तिथे कीबोर्डही वाजवू लागला, पण त्याने गिटार टाकून दिली नाही. तरी मी इतकेच सुचवेन की गिटार आवाजानंतर, सर्वांत शेवटी यावी आणि एका गाण्यात तिचा एकच भाग असावा. तिसरा माणूसही असाच उशिरा आणावा. ‘गिव्ह अप’मध्ये ‘रायलो कायली’ बँडच्या जेनी लुईसचा आवाज आहे, आणि त्याने त्या गाण्यांत संवादाची जी शक्यता आली, ती एकाच आवाजाच्या थरांनी आली नसती.

नावाचा विचार प्रकाशनाच्या आदल्या रात्रीवर ढकलू नये. यू-टू या आयरिश रॉक बँडच्या चौघांनी संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोबरोबर केलेला १९९५ चा प्रायोगिक अल्बम ‘पॅसेंजर्स’ या नावाने काढला. मूळ नावाने तो निघाला असता, तर श्रोत्यांनी नेहमीच्या यू-टूच्याच गाण्यांची अपेक्षा धरली असती. पोस्टल सर्व्हिसला मात्र २००३ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याचीच नोटीस आली. शेवटी समझोता होऊन नाव वापरण्याची परवानगी मिळाली, त्याच्या बदल्यात खात्याच्या परिषदेत गाण्याचे ठरले आणि खात्याने आपल्या संकेतस्थळावर त्यांची सीडीही विकली. इतकी खिलाडू नोटीस सहसा कोणाला येत नाही. भारतात नाव पक्के करण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर ध्वनिमुद्रणांसाठी वर्ग ९ आणि मनोरंजनासाठी वर्ग ४१ या दोन्हींत शोध घ्यावा. शब्द, चाल, पाया आणि ध्वनिमुद्रण यांतला कोणाचा वाटा किती, हेही पहिले गाणे पुरे होताच कागदावर आणावे. मूळ बँडचा कोणा कंपनीशी करार असेल तर त्यातले बाहेरच्या कामाविषयीचे कलम आधी वाचावे.

प्रकल्पाची व्याप्तीही आधीच आखावी. ‘डेथ कॅब’चा ‘ट्रान्सअटलांटिसिझम’ त्याच २००३ च्या ऑक्टोबरमध्ये आला, मूळ बँडची कामे वाढत गेली आणि पोस्टल सर्व्हिसचा दुसरा अल्बम कधी निघालाच नाही. तरीही २०१३ मध्ये ‘गिव्ह अप’ची दशकपूर्ती आवृत्ती निघाली आणि २०२३ मध्ये ती सगळी गाणी पुन्हा मंचावर वाजली. म्हणून काम संपताच प्रत्येक ट्रॅकच्या दोन वेव्ह प्रती काढाव्यात, एक ध्वनिपरिणामांसह आणि एक कोरी, कारण आजचे प्लगइन दहा वर्षांनी उघडतीलच याची खात्री नसते. त्यांच्यासोबत टेम्पो, पट्टी आणि शब्द यांची एक साधी मजकूर फाइल ठेवावी, आणि दोन्ही जोडीदारांनी हा सारा संच आपापल्या डिस्कवर उतरवून घ्यावा.