द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेताना : आधी बांबूची चौकट, मग शोरूम

दिंडोरी तालुक्यात आमची साडेचार एकर शेती आहे. त्यातली तीन एकर द्राक्षबाग, दोन ओळींत नऊ फूट आणि दोन झाडांत पाच फूट अंतर. उरलेल्या दीड एकरात टोमॅटो, कांदा आणि घरापुरता गहू. ट्रॅक्टर मी स्वतः चालवते. छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून विचारायला आता बायका आणि नवी पोरं माझ्याकडे येतात. प्रत्येकीला तेच सगळं सांगायचं, त्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आमचा पहिला ट्रॅक्टर जुना होता, ३५ एचपीचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा. स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. ओळीत शिरला की मडगार्डला घासून दोन्ही बाजूंच्या काड्या मोडायच्या. ते मी सोसलं. पण एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर घड फुलोऱ्यात यायच्या बेतात असताना दोन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघाडी मिळाली आणि मी ६०० लिटरचा भरलेला ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या झोताने औषध उडवणारा फवारा, जोडून बागेत शिरले. सहाव्या ओळीत मागची चाकं फिरायला लागली. जेवढी रेस वाढवली तेवढी ती खाली गेली, शेवटी आस चिखलाला टेकला. शेजारच्या भाऊंनी साखळी लावून ओढून काढेपर्यंत दुपार टळली. संध्याकाळपर्यंत नळीने हाताने फवारत कशीबशी अर्धी बाग झाली. पाच दिवसांनी पानांवर तेलकट डाग दिसले, पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी, आणि घडांवरही हा डावणी रोग उतरलेला. बागेतले तिसरा हिस्सा घड मी स्वतः कात्रीने काढून टाकले. म्हणून मी ट्रॅक्टरला आधी एकच प्रश्न विचारते: ओल्या रानात, भरलेला ब्लोअर घेऊन, त्याच दिवशी बाग पुरी करशील का?

शोरूमला जायच्या आधी शेत मोजा. नऊ फुटांची ओळ म्हणजे नऊ फूट मोकळी जागा नव्हे. दोन्ही बाजूंचे बोद (झाडांखालचे मातीचे उंचवटे), त्यावरच्या ठिबकच्या नळ्या वजा केल्या तर माझ्याकडे खाली चाकांना साडेपाच फूट मिळतात. वर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या मांडवाच्या हातांवरून काड्या लोंबायला लागल्या की खांद्याच्या उंचीला जेमतेम साडेचार. हे टेपने कळत नाही, कारण टेप आपण खोडापाशी लावतो आणि ट्रॅक्टर घासतो तो वर. मी चार बांबू बांधून एक चौकट केली. रुंदी ब्लोअरच्या पंख्याएवढी, उंची स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी. ती चौकट धरून आम्ही दोघी जावा बाग पुरी वाढलेली असताना प्रत्येक चौथ्या ओळीतून चालत गेलो. जिथे काडी अडली तिथे खडूने खूण केली. तीन फूट चार इंचांच्या ट्रॅक्टरला माझी बाग मोकळी होती. त्याहून चार इंच जास्त रुंद यंत्र तळाला बसत होतं, वर मात्र घासत होतं. हे मोजमाप छाटणीनंतर उघड्या बागेत करू नका, तेव्हा कुठलाही ट्रॅक्टर बसतो.

मग ओळीच्या टोकाची जागा मोजा. मांडवाच्या तारांचे ताण जिथे जमिनीत गाडले आहेत तिथून बांधापर्यंत किती फूट आहेत? ट्रॅक्टर एकटा दहा फुटांत वळतो. मागे ओढायचा ब्लोअर लावला की मला चौदा लागतात. आमच्या एका कडेला अकराच होते. शेवटची दोन झाडं काढून ताण आत घेतला. जीवावर आलं, पण दर फवारणीला प्रत्येक टोकाशी मागेपुढे करण्यापेक्षा ते परवडलं.

आता ताकद. हिशेब असा करा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला नऊने भागलं की ४,८४० फूट, म्हणजे दीड किलोमीटरला थोडी कमी एवढी ओळ एका एकरात असते. तीन एकरांत साधारण साडेचार किलोमीटर. ताशी चार किलोमीटरने गेलात तर चालण्याचा वेळ सव्वा तासाच्या आत, वळणं धरून दीड. बाग भरात असताना एकरी ४०० लिटर पाणी धरा, म्हणजे १,२०० लिटर, दोन टाक्या. टाकी भरण्याचा वेळ मिळवला की दोन-सव्वादोन तासांत बाग होते. पहाटे उघाडी मिळाली तर आठच्या आत फवारणी पुरी. पण त्यासाठी ६०० किलो पाणी आणि वरून टाकी, पंप, पंखा यांचं वजन ओढता ओढता पंखाही पूर्ण वेगाने फिरवणारं इंजिन हवं.

इथे १५ एचपीचे ट्रॅक्टर कमी पडतात. महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ ही एका सिलिंडरची यंत्रं चांगली आहेत, डिझेल कमी खातात, आंतरमशागत, खत वाहणं, छोटी ट्रॉली, भाजीपाल्याच्या सऱ्या यासाठी मी ती कुणालाही सुचवीन. एक-दोन एकर डाळिंब किंवा पेरू असेल आणि ब्लोअर लहान असेल तर तेवढं पुरतं. पण ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर आणि काळी जमीन असेल तर २१ ते २८ एचपीमध्ये, चारही चाकांना ताकद देणारं यंत्रच बघा. आमच्या भागात कुबोटाचा निओस्टार ए२११एन आणि बी२४४१, महिंद्राचा जिवो २४५, जॉन डिअरचा ३०२८ ईएन असे ट्रॅक्टर बागांत दिसतात. यातला कुठला चांगला याचं सरसकट उत्तर नाही. ज्याचा मेकॅनिक तुमच्या गावाजवळ आहे आणि जो तुमच्या चौकटीत बसतो, तो.

बॉनेटवरचा आकडा बघून भुलू नका. तो इंजिनाच्या ताकदीचा असतो. ब्लोअर आणि रोटर (माती भुसभुशीत करणारं औजार) पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतात आणि तिथे पोचेपर्यंत काही मॉडेलमध्ये दोनच एचपी कमी होतात, काहींत पाच-सहा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची तपासणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर तपासून त्याचा अहवाल काढतात. डीलरकडे त्या मॉडेलचा बुदनीचा अहवाल मागा. पानं बरीच असतात, पण आपल्याला चार गोष्टी पुरतात: पीटीओची कमाल ताकद, तासाला डिझेल, लिफ्ट किती किलो उचलते आणि वळायला किती जागा लागते. माहितीपत्रक आणि हा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचा.

ताकदीपुढची गोष्ट म्हणजे उंची आणि धुराडं. सायलेंसर सरळ वर गेलेला असेल तर गरम धुराने मांडवाची पानं करपतात आणि काडीही अडते. बागेसाठी आडवा किंवा खाली वळवलेला सायलेंसर घ्या, बसवून मिळतो का ते आधीच विचारा. रेडिएटरची जाळी हाताने काढून झटकता आली पाहिजे, कारण वाळकी पानं आणि धूळ तिथेच जाऊन बसतात आणि इंजिन तापतं. आणि बायकांना खास सांगते, क्लच दाबून बघा. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. एका ट्रॅक्टरवर क्लच पूर्ण दाबायला मला सीटवरून पुढे सरकावं लागत होतं. दिवसाला दोनशे वेळा तो दाबायचा असतो. विकणारा म्हणाला, सवय होईल. मी तो ट्रॅक्टर सोडला. सीट पुढेमागे होते का, गियरचा दांडा दोन पायांमध्ये आहे की बाजूला, साडीवर चढता-उतरता येतं का, हे शोरूममध्ये चारचौघांसमोर बघायला लाजू नका.

डेमो मागा, पण शोरूमच्या फरशीवर नाही, आपल्या रानात. माझ्याकडे डेमोला ट्रॅक्टर आला तेव्हा मी आदल्या रात्री चार ओळींना मुद्दाम पाटाने पाणी दिलं होतं. माझाच ब्लोअर पाण्याने गच्च भरून जोडला. पंखा सुरू करून पीटीओ ५४० फेऱ्यांवर आणला आणि चढाच्या ओळीत दुसऱ्या लो गियरमध्ये घातला. चढावर इंजिनाचा आवाज बसतो का, काळा धूर येतो का, पुढचं चाक हलकं होतं का, ते बघायचं. पुढचं चाक उचलायला लागलं तर पुढे वजनं लावावी लागतात, ती किमतीत धरली आहेत का ते तिथेच विचारून घ्या. एका ट्रॅक्टरचा आवाज चौथ्याच ओळीत बदलला, पंख्याचा झोत मंदावला आणि वरच्या पानांची खालची बाजू कोरडी राहिली. हात लावून बघितलं तेव्हा कळलं. तोच ट्रॅक्टर कोरड्या रस्त्यावर झकास पळत होता.

पीटीओबद्दल एक गोष्ट मी जीव तोडून सांगते. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. पदर, ओढणी, सुटी वेणी त्या शाफ्टला लागली तर हात बंद करायला पोचायच्या आत माणूस ओढला जातो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण असल्याशिवाय औजार ताब्यात घेऊ नका आणि फुटलं तर त्याच दिवशी नवं बसवा. मी साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, पदर खोचते, आणि पीटीओ बंद करून शाफ्ट थांबल्याशिवाय मागे जात नाही. लहान ट्रॅक्टर उंच बांधावर आणि शेततळ्याच्या कडेला पटकन कलंडतो, तिथून भरलेली टाकी नेऊ नका.

पैशांचं आता. छोटे ट्रॅक्टर साधारण साडेतीन लाखांपासून सहा-सात लाखांपर्यंत जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कोटेशनमध्ये कर किती लावलाय तो वाचा. अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करा आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत खरेदी करू नका. आधी बिल झालं की अनुदान गेलं, आमच्या गावात दोघांचं असंच गेलं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध भगिनींचे बचत गट असतील तर त्यांच्यासाठी समाजकल्याण खात्याची वेगळी योजना आहे, ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि औजारं ९० टक्के अनुदानावर. त्याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

बजेट करताना ट्रॅक्टरला सगळे पैसे घालू नका. ब्लोअर, बागेत बसेल एवढ्या रुंदीचा रोटर आणि छोटी ट्रॉली यांचा खर्च आधी मांडा, उरेल त्यात ट्रॅक्टर बसवा. खोल नांगरट मी आजही मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्याने करून घेते. वर्षातून एकदाच्या त्या कामासाठी मोठं यंत्र दारात उभं करणं मला पटत नाही. आणि एक एकराची बाग असेल तर स्वतंत्र ट्रॅक्टर घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. दोन भाऊ, दोन जावा मिळून घ्या. फक्त पावसानंतर आधी कुणाची फवारणी, हे कागदावर लिहून ठेवा, कारण भांडण तिथेच होतं.

जुना घेणार असाल तर सकाळी थंड असताना जाऊन स्वतः स्टार्ट करा, मालकाने आधीच गरम करून ठेवला असेल तर परत या. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग, ब्रीदरमधून (इंजिनाची हवा सोडणाऱ्या नळीतून) सतत धूर, पुढच्या आसाच्या टोकांशी ऑइलची ओल, यातलं काही दिसलं तर सोडून द्या. चारही चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आसाचं काम फार महाग पडतं. आरसी बुकावर बँकेचा बोजा चढलेला असेल तर बँकेचा ना हरकत दाखला मिळेपर्यंत विसार देऊ नका.

सौदा करायच्या आधी पिंपळगाव किंवा वणीच्या बाजारात जाऊन त्या ट्रॅक्टरचा फिल्टर, क्लच प्लेट आणि फॅन बेल्ट मागून बघा. तीन दुकानांत मिळाला तर बरं. "मागवून देतो" असं उत्तर आलं तर ऑक्टोबरमध्येही तेच उत्तर येईल. मेकॅनिकला फोन लावून विचारा, रविवारी येता का? ताबा घेताना इंजिन आणि चेसिसचा नंबर बिलाशी स्वतः ताडून घ्या, टूलकिट आणि टोचनाची पिन मोजून घ्या, आणि पहिल्या ५० तासांच्या सर्व्हिसची तारीख पाहून ठेवा. ती छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या गर्दीत येत असेल तर आठवडाभर आधीच करून घ्या.