सतारीवरचा ‘रा’ फाटका वाजतो? जोर नको, दिशा बदला

सतार लावलेली आहे, नखी (तार छेडायची तारेची टोपी) तर्जनीवर घट्ट बसली आहे, अंगठा दांडीच्या कडेला टेकला आहे, असं धरून चालतो. मालवणात आमच्याकडे एक काम जास्तीचं: खाऱ्या हवेनं तारांना गंज चढतो, तेव्हा वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायच्या.

‘दा’ म्हणजे बोट आत, तळव्याकडे ओढायचं. हा लवकर जमतो. सरोदवाल्याचं बघून मात्र गोंधळू नका, त्याचा ‘दा’ खाली जातो. (त्याचा जवा, म्हणजे तार छेडायचा तुकडा, नारळाच्या करवंटीचा असतो, एवढंच काय ते आपलं मालवणकरांचं नातं.)

खरं दुखणं ‘रा’, म्हणजे बोट उघडून बाहेर नेण्याचा आघात. बोट मिटायला जेवढं बळ असतं तेवढं उघडायला नसतं, म्हणून जो तो सांगतो, ‘रा’ला जोर लाव. मी हा सल्ला अख्खा पावसाळा पाळला. आवाज वाढला, पण पत्र्यावर नारळ पडावा तसा.

भानगड अशी की, तार जिकडे ढकलाल तिकडेच ती आधी हलते. तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी पाटाला) समांतर छेडली तर घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, धक्का कमी. आवाज मऊ, पण टिकणारा. तबलीच्या दिशेनं वरखाली हलली तर घोडी जोरात हलते. आवाज मोठा, पण लवकर विझतो, आणि अती झालं की तार जवारीवर, म्हणजे घोडीच्या वरच्या पृष्ठभागावर, आपटून खरखरते. जोर लावताना माझं बोट ताठ व्हायचं, नखी तारेखाली शिरून तिला वर उचलायची आणि सोडली की तार घोडीवर आपटायची.

तेव्हा बोटाचं मधलं पेर वाकलेलंच ठेवा, हालचाल बोटाच्या मुळातून करा. नखीचं टोक तारेपलीकडे निम्म्या तांदळाएवढंच जाऊ द्या. ‘दा’ ज्या वाटेनं आत आला त्याच वाटेनं ‘रा’ बाहेर. ट्यूबलाइटखाली बाजाची (मुख्य) तार मोकळी छेडा आणि बघा: तारेचं पोट आडवं, तबलीला समांतर, फुगलं पाहिजे. उभं, तबलीकडे वरखाली फुगलं तर नखी खणतेय. एक आघात पूर्ण विझेपर्यंत दुसरा करू नका. घाईत कान फसतो.

‘रा’ थोडा हलका राहिला तरी चालेल, पोकळ नको. तो सुधारेपर्यंत ‘झाला’, म्हणजे शेवटचं जलद वादन, वाजवायला घेऊ नका. तिथे ‘दा रा रा रा’मध्ये चिकारीवर, म्हणजे कडेच्या उंच स्वराच्या तारांवर, हाच ‘रा’ तीनदा येतो.