गोचुजांगला तर्रीच्या मापाने मोजू नका

“हे तर गोड लागतं!” आमच्या नागपुरातल्या धरमपेठेच्या घरात गोचुजांगचा लाल डबा पहिल्यांदा उघडला तेव्हा भावाने चमचाभर तसाच तोंडात टाकून निकाल देऊन टाकला. सावजी रश्श्यावर वाढलेला गडी, अजून काय म्हणणार? पहिली चूक हीच. नुसतं तिखट शोधत बसलं की बाकीची चव हातची जाते.

गोचुजांग म्हणजे लाल मिरचीपूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ मुरवून केलेला घट्ट गोळा. कोरियात तो पूर्वापार मातीच्या रांजणांत महिनोन्महिने मुरत ठेवतात. म्हणून आधी तांदळाची गोडी लागते, मग खारटपणा, मग सोयाबीनचा मुरलेला स्वाद. तिखट मागून येतं. वाटाण्याएवढा गोळा साध्या गरम भाताच्या घासाला लावा, गिळा आणि जरा थांबा. मग बोला.

दुसरी चूक म्हणजे डब्यातून काढून थेट भज्यांवर थापणे. आधी सैल करा. एक चमचा गोचुजांग, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा साखर, किसलेला लसूण, तिळाच्या तेलाचे चार थेंब. कोरियन लोक असं आंबट-गोड करून त्यात कच्चे मासे बुडवून खातात. आमच्याकडे व्हिनेगरऐवजी संत्र्याचा रस पडतो. आंबिया बहाराचं संत्रं आंबटसर, त्याने काम भागतं. मृग बहाराचं गोड असतं; तेव्हा साखर वगळा आणि लिंबू पिळा.

जोडी जमवताना तर सपशेल घोळ होतो. तर्री पोह्यांवर गोचुजांग घातलं की दोन्ही वाया. पाटोडी रस्सा, सावजी मटण, तेच. ज्याचा मसाला आधीच बोलतो त्याच्या तोंडी हे लावू नये. सांबारवडीशी मात्र झकास जमतं: तळलेलं खुसखुशीत आवरण, आत कोथिंबीर-खोबरं, त्याला आंबट-गोड चटका. साधा भात, वर अर्धकच्चं अंडं, काकडी आणि अर्धा चमचा गोचुजांग, हे माझं रविवारचं जेवण.

फोडणीत तिखट टाकतो तसं धुराच्या तेलात टाकू नका. त्यातली साखर नि तांदूळ लगेच करपतात आणि सगळं कडू होतं. त्यावर उपाय नाही, फेकायचंच. आच मंद करून शेवटी घाला. मीठ त्यानंतर, चाखूनच. खारट झालंच तर उकडलेला बटाटा कुस्करून मिसळा. तोंड भाजलं तर पाण्याने भागत नाही, मठ्ठा किंवा दही घ्या.

आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा उघडलेला डबा ओट्यावर नको, फ्रिजमध्ये ठेवा. वरचा थर काळपट झाला म्हणून घाबरू नका, तो हवेने होतो. पांढरी-हिरवी लव दिसली तर मात्र वरवर खरवडत बसू नका, अख्खा डबा टाकून द्या.