लायब्ररियन आहात? स्टाफ सांभाळताना या चुका टाळा

"स्टाफ कामच करत नाही हो" म्हणणाऱ्या ग्रंथपालांना मी आधी विचारतो, मागच्या वेळी पुस्तक हरवलं तेव्हा तुम्ही काय केलंत? बहुतेकदा उत्तर येतं, मेमो दिला. मग झालंच की! एकदा अटेंडंटला पगारातून पैसे कापायची भीती घातली की पुढचं पुस्तक हरवल्यावर तो गप्प बसतो, आणि ते कळतं थेट स्टॉक व्हेरिफिकेशनला, म्हणजे सगळी पुस्तकं मोजताना. केंद्र सरकारच्या २०१७च्या वित्तीय नियमांमधला नियम २१५ तर वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा तिथंच वाचलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ गहाळ होणं वाजवी धरतो, अट एवढीच की त्यात निष्काळजीपणा किंवा लबाडी नको. १००० रुपयांच्या वरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. आपापल्या कॉलेजला कुठला नियम लागतो ते ऑफिसात विचारा आणि अशी काहीतरी मर्यादा लायब्ररी कमिटीत लेखी मंजूर करून घ्या, म्हणजे स्टाफमधली पोरं निदान खरं सांगतील.

तुम्ही मीटिंगला गेलात की काउंटर थंड पडतो का? मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि मंडळींनी १९३९ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या गटांवरचा प्रयोग छापला, त्यात हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं, सगळ्यांना विचारून चालणाऱ्याच्या गटात ते सुरूच राहायचं. आता याचा अर्थ सगळं वाऱ्यावर सोडा असा नाही हं, ड्यूटी चार्ट न लावता "तुम्हीच बघा" म्हणणारे साहेब तर अजून डोकेदुखी, पुस्तकं परत कपाटात लावायचं काम मग कुणाचंच नसतं.

तिसरी चूक माझीच. कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा कॉम्प्युटर येतो म्हणून सगळं काम नव्या असिस्टंटला दिलं आणि वीस वर्षं पुस्तकांच्या नोंदींचं रजिस्टर लिहिणाऱ्या सिनियर काकांना काहीच विचारलं नाही. ते रुसले, रजिस्टर वेगळं लिहीत बसले, काम डबल. पुढे रजिस्टरमधल्या नंबरांवरून केलेले बारकोड डुप्लिकेट निघायला लागले, सॉफ्टवेअरला शिव्या घालून झाल्या, शेवटी काकांना बोलावलं तर म्हणाले, "अहो सर, देणगीच्या पुस्तकांचं रजिस्टर वेगळं आहे, त्याचे नंबर परत एकपासून सुरू होतात." त्या नंबरांच्या आधी 'दे' लावलं आणि दोघांना एकाच टेबलावर बसवलं.