पटवारी व्हायचं स्वप्न आहे? मग फॉर्म भरायच्या आधी एवढं करून पाहा

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेचं कुलूप सकाळी सहाला उघडते आणि रात्री अकरापर्यंत पोट्टे-पोट्ट्या तिथं बसून राहतात, अर्ध्याच्या वर टेबलांवर तलाठी भरतीचंच पुस्तक. मीही तिथंच बसलो चार वर्षं, खिडकीजवळच्या खुर्चीवर. आता नोकरीला सहा वर्षं झाली, यवतमाळ जिल्ह्यातच आहे, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी विचारतेच, "दादा, कशी आहे जी नोकरी, मजा आहे ना?" हाव म्हणलं तरी खोटं, नाई म्हणलं तरी खोटं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कागदोपत्री आता तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण आपल्या इकडे पटवारी तो पटवारीच, माझी आजी तर मलेच पटवारीसाहेब म्हणत होती, पोराच्या पोराले!

आधी एक कोरा कागद घ्या. त्यावर "मी पटवारी झालो की" असं लिहून पुढची दहा वाक्यं पूर्ण करा, खरी खरी, कोणाले दाखवायची नाहीत. माझा कागद कसा झाला असता ते आता सांगतो: गावात बॅनर लागीन, सरपंच हार घालीन, बाबा चौकात ताठ बसतीन, मामा स्वतःहून फोन करीन, पोरीवाले घरी येतीन, बुलेट घेईन. सारं निकालाच्या आठवड्यातलं किंवा दुसऱ्यानं मले पाहायचं. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी काय करून राहिलो असेन, यावर एक ओळ नाही. बॅनर लागला माझा, डीजेही वाजला, तिसऱ्या दिवशी पाणी आलं तर कोणीतरी तो बॅनर काढून कुटारावर (जनावरांच्या चाऱ्यावर) झाकाले घेऊन गेला. चांगलं झालं, कुटार तरी वाचलं.

तुमच्या कागदावर पण असंच निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, पण ते निकालाचं स्वप्न आहे आणि नोकरीचं वेगळं पाहावं लागते एवढं समजून घ्या. निकालाचं स्वप्न महाग पण पडते. 2023 च्या भरतीत 4644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर, म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं, आणि निकाल लागला तर नॉर्मलायझेशनच्या (वेगवेगळ्या शिफ्टच्या पेपरचे मार्क एका मापात आणायच्या) भानगडीत 200 पैकी 214 मार्क पाहायला भेटले लोकांना. त्यामुळे किती वर्षं द्यायची तो आकडा आजच घरच्यांसमोर बोलून टाका, दरवर्षी "फक्त एक अटेम्प्ट" असं करत करत तिशी ओलांडलेले माझ्या ओळखीचेच पाच-सहा आहेत.

दुसरं काम, नोकरीवर असलेल्या माणसाला नीट प्रश्न विचारा. "कशी आहे नोकरी" विचारलं की तो म्हणते "बस, चालू आहे", चहा पाजते, संपलं. त्यापेक्षा असं विचारजा की मागच्या सोमवारी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं. किंवा ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल किती मेसेज आले आणि त्यातल्या किती मेसेजमध्ये "आजच्या आज माहिती सादर करावी" होतं. तो हसला की समजून घ्या. माझ्याकडे एक दिवस असा गेला आहे की सकाळपासून चार तक्ते भरले आणि चारही ठिकाणी "निरंक" लिहिलं, म्हणजे माहिती नाही ही माहिती द्यायला दिवस गेला. एकाच माणसाला विचारू नका, एक नवीन लागलेला पाहा, एक मंडळ अधिकारी, म्हणजे पटवाऱ्याच्या वरचा साहेब, झालेला पाहा, आणि भेटला तर ही नोकरी सोडून दुसरीकडे गेलेला पाहा, तो सर्वात मोकळं बोलते.

तिसरं, आणि हेच खरं काम आहे, एक दिवस पटवाऱ्याच्या मागं फिरा. पण दिवस निवडून. जानेवारीत सजा ऑफिसला (सजा म्हणजे एका पटवाऱ्याच्या वाट्याची गावं) गेले तर टेबल, खुर्ची, सातबारा, दोन-चार म्हातारे, वाटीन की काय आरामाची नोकरी आहे बापा. जायचं तर पाऊस धो धो पडून गेल्यावर जा. मंडळात, म्हणजे काही सजांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, मग पंचनाम्याचा आदेश येते आणि शेत न् शेत पाहायचं असते, सोबत कृषी सहायक आणि ग्रामसेवक. काळी माती बुटाला अशी चिपकते की एकेक पाय दोन किलोचा होते. नियम असा की नुकसान 33 टक्के किंवा त्याच्यावर असलं तरच मदत. आता सांगा, पाण्यात उभ्या सोयाबीनकडे पाहून 30 टक्के आणि 35 टक्के कसं ओळखता? धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडच्याचं नाव यादीत जाते, पलीकडच्याचं नाही, आणि पलीकडचा तुमच्या शाळेतला मित्र असते. तो भांडला तर बरं, पण काही लोक भांडत नाहीत, नुसतं पाहतात आणि "राहू द्या साहेब" म्हणून निघून जातात. हे तुम्हाला सहन होते का, ते त्या एका दिवसात समजते.

आता एक गोष्ट जी मले कोणीच सांगितली नव्हती. आपल्या भागात शेतकऱ्यानं आत्महत्या केली की तहसीलला अहवाल जातो आणि त्या घरी जाऊन माहिती गोळा करायचं काम पटवाऱ्याकडे येते. मदत एक लाखाची, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार बँकेत ठेव, हा 2006 पासूनचा आकडा. पण ते मिळायसाठी प्रकरण "पात्र" ठरावं लागते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते, आणि त्याला कागद लागतात, सातबारा, पोस्टमॉर्टम रिपोर्ट, बँकेचं कर्ज थकल्याचं पत्र. नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात मी अशा एका घरी गेलो. तेरवी पण झाली नव्हती. बाई पडवीत बसून होती, बाजूला तिची सासू, आणि मी फॉर्म काढून विचारतो आहे की कर्ज कोणत्या बँकेचं. ती म्हणे, "भावानं देल्ले होते जी, हातउसने. त्याचा कागद कायचा?" मी चौकटीत काय लिहू, सांगा. प्रकरण अपात्र झालं. फॉर्म मी नियमानं भरला होता, एकही अक्षर चुकीचं नव्हतं, पण त्या रात्री मी जेवलो नाही. पुढं एक सवय लावून घेतली, अशा घरी पहिल्यांदा जातो तेव्हा फॉर्म पिशवीतच ठेवतो, अर्धा तास बसतो, चहा देला तर पितो, आणि जाता जाता कोणकोणते कागद लागतीन ते घरातल्या एखाद्या पोराला लिहून देतो. निराधार योजनेचा अर्ज भरायचं पण त्याच कागदावर लिहितो. कोण्या ट्रेनिंगमध्ये हे शिकवत नाहीत.

पैशाचं सांगतो, हा मुद्दा लवकर संपते. मूळ पगार 25500 पासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं, त्यातून पेन्शनची कपात. पहिला पगार पहिल्या महिन्यात येत नाही, सेवार्थ आयडी (सरकारी पगाराच्या ऑनलाइन सिस्टिममधला आपला नंबर) निघेपर्यंत दोन-तीन महिने घरूनच पैसे घ्यावे लागतात, त्याची सोय करून ठेवा. पेट्रोल, झेरॉक्स, प्रिंटरची शाई यात बरंच आपल्याच खिशातून जाते. आणि तुमच्या दहा वाक्यांत कुठं "वरची कमाई" लिहिली असेल, किंवा तुमच्या होणाऱ्या सासऱ्यानं मनात लिहिली असेल, तर 1064 हा अँटी करप्शनचा नंबर पण त्याच ओळीत लिहून ठेवा. माझ्यासोबत लागलेला एक जण फेरफारसाठी (सातबाऱ्यावर नाव बदलायच्या नोंदीसाठी) पैसे घेताना सापडला, त्याच्याही गावात बॅनर लागला होता.

चांगलं काहीच नाही का? आहे ना. वारसाची नोंद कित्येक वर्षं अडकून पडलेली एक म्हातारी होती, नोंद घेतली, नोटीस काढली, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, कोणाची आली नाही, मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित केली आणि तिच्या नावाचा सातबारा तिच्या हातात देला. तिला वाचता येत नव्हतं, तरी बोट फिरवून फिरवून विचारत होती की माझं नाव कुठंशी आहे. असे दिवस महिन्यातून एक-दोन येतात. बाकीच्या दिवशी सर्व्हर डाऊन असते आणि डिजिटल सही करायला रात्री दोनला उठावं लागते, तेव्हा साइट मोकळी राहते.

म्हणून लागलाच तर पहिल्या दोन महिन्यांत ठरवू नका, ना भारी आहे म्हणून ना फालतू आहे म्हणून. जून ते मे, शेतीचं पूर्ण एक वर्ष काढा. जूनमध्ये पेरणी आणि दाखल्यांची गर्दी, पावसाळ्यात पंचनामे, 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी (शेतातल्या पिकाची नोंद मोबाईल ॲपवर करायची) आल्यामुळे "साहेब, ॲप चालून नाही राहिलं" हे रोजचंच, हिवाळ्यात वसुलीचं टुमणं, उन्हाळ्यात रात्री नदीवर रेतीचे ट्रॅक्टर (तिथं एकट्यानं जायचं नाही, कोणी कितीही सांगो, पोलीस सोबत घ्या), आणि मध्येच एखादी निवडणूक. वर्षभर रोज रात्री एक ओळ लिहा, आज परत जावंसं वाटलं का नाही. मार्च महिन्यात माझ्या डायरीत ओळीनं अकरा "नाही" आहेत. जूनमध्ये परत "हो" यायला लागले, काऊन ते मलेही माहीत नाही.

नोकरीत राहून दुसऱ्या मोठ्या पदाची परीक्षा द्यायची असेल तर ऑफिसला कळवून, रीतसर परवानगी घेऊन द्या, लपून दिली की कागद तपासणीत फसता. आणि विभागीय परीक्षा (नोकरीला लागल्यावर खात्याची द्यावी लागते ती) पहिल्याच संधीत काढून टाका, नंतर अभ्यासाला वेळ भेटत नाही.

आमच्याकडे यायचं असेल तर पोळ्याच्या आसपास येजा, तेव्हा एखादा तरी पंचनामा चालूच असते. गमबूट आपले आपले आणजा, माझ्याकडे एकच जोड आहे आणि तोही फाटला आहे.