चाबकाचे फटके मोजायची नोकरी: स्टुअर्डिंगमध्ये येणाऱ्यांसाठी थोडं

स्टुअर्ड म्हणजे घोड्यांच्या रेसमध्ये नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी. त्या कामात ट्रेनी म्हणून लागले तेव्हा मला वाटलेलं की आपल्याला घोड्यातलं कळतं म्हणून घेतलंय. पहिल्याच दिवशी हातात काय दिलं तर तो टिकटिक करणारा काउंटर, आणि सिनियर म्हणाले, रेस बघायची नाही, चार नंबरच्या जॉकीचा हात बघायचा. रेस संपली, कोण जिंकलं ते मला खरंच माहीत नव्हतं, आणि काउंटरवर नऊ. सिनियरांचे सात. रिप्ले लावला तर त्यातला एक नुसताच हवेत फिरवलेला आणि एक लगाम न सोडता खांद्यावर केलेलं टॅप. म्हणजे मी हाताच्या हालचाली मोजल्या होत्या, फटके नाही.

तर या कामात यायचं असेल तर आधी ते समजून घ्या, की फटका कशाला म्हणायचं हे प्रत्येक ठिकाणच्या नियमात वेगळं असतं आणि तिथंच निम्मी भांडणं होतात. अमेरिकेत हिसाचे (HISA, तिकडची रेसिंगवर देखरेख करणारी संस्था) रेसिंगचे नियम जुलै २०२२ पासून लागू झाले, त्यात एका रेसमध्ये सहा फटके, लागोपाठ दोनपेक्षा जास्त नाहीत, दोन झाले की घोड्याला प्रतिसाद द्यायला वेळ द्यायचा. पण दोन्ही हात लगामावर ठेवून खांद्यावर टॅप केलं किंवा चाबूक नुसता दाखवला तर ते मोजत नाहीत. ब्रिटनमध्ये २०२३ पासून फ्लॅटला (अडथळे नसलेली सपाट रेस) सहा, जंप रेसला (अडथळ्यांवरून उड्या मारायची) सात. ऑस्ट्रेलियाचं गणित अजून वेगळं, शेवटच्या १०० मीटरच्या आधी पाचच आणि तेही लागोपाठच्या स्ट्राइडला (घोड्याची एक ढांग) नाहीत, नंतरचे १०० मीटर जॉकीच्या अकलेवर. नॉर्वेनं तर १९८२ सालीच चाबकावर बंदी आणली आणि स्वीडनमध्ये २०२२ पासून घोड्याला पळवण्यासाठी मारताच येत नाही. दुसरीकडचे नियम वाचून ठेवा, कारण बाहेरून आलेला जॉकी तिकडच्या सवयीनं चालवतो आणि चौकशीच्या खोलीत येऊन म्हणतो मला माहीतच नव्हतं. ते चालत नाही हो, पण ऐकून घ्यावं लागतं.

आणि आकडा हा सगळ्यात सोपा भाग. खांद्याच्या वर हात उचलून मारलं, पुठ्ठा म्हणजे घोड्याचा मागचा भाग, तो सोडून भलतीकडेच मारलं, घोडा आधीच दमून मागे पडलाय तरी मारलं, विनिंग पोस्ट पार झाल्यावर मारलं, घोडा आरामात जिंकतोय तरी मारलं, अंगावर वळ उठले, हे सगळे वेगळे गुन्हे, फटके मर्यादेत असले तरी. माझ्या मते दमलेल्या घोड्याला मारणं सगळ्यात वाईट, पण कॅमेरा पुढच्या दोघा-तिघांवर असतो आणि मागची मंडळी सुटतात. म्हणून मागचे घोडे मुद्दाम बघायची सवय लावून घ्या, कोणी सांगणार नाही.

आता माझी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. एक अप्रेंटिस म्हणजे शिकाऊ जॉकी, मर्यादेपेक्षा दोन फटके जास्त. आत आला तेव्हा चेहऱ्यावर चिखल, गॉगलच्या जागी तेवढे दोन स्वच्छ गोल, हेल्मेट मांडीवर. म्हणाला, "मॅडम, घोडा डावीकडे रेलिंगवर जात होता, सरळ करायला मारले." सुरक्षिततेसाठी मारलं तर सूट असते. माझ्या नोंदीत चाबूक डाव्या हातात होता, घोडा डावीकडे जातोय, डावीकडून मारलं की तो उजवीकडे सरकणार, म्हणजे मुलगा खरं बोलतोय. मी तसं म्हणालेही. सिनियरांनी हेड-ऑनचा रिप्ले परत लावला आणि मला विचारलं, "कुणाचा डावा?" आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. हेड-ऑन कॅमेरा समोरून बघतो, त्यात स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिसतो तो जॉकीचा उजवा हात! रेलिंग कुठल्या बाजूला आहे ते मला ट्रॅकवरून पाठ होतं, हात मात्र स्क्रीनवरून लिहिला होता. चाबूक उजव्या हातात होता आणि त्या फटक्यांमुळेच घोडा डावीकडे गेला. मुलाला बहुतेक हे माहीत होतं, तो खाली हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत बसला. त्याला सस्पेन्शन झालं, मला रात्रभर झोप नाही, कारण उलटी चूक झाली असती तर एखाद्या खऱ्या माणसाचे रायडिंगचे दिवस गेले असते. तेव्हापासून नोंदीत नुसतं डावा-उजवा लिहीत नाही, आतल्या रेलिंगकडचा हात की बाहेरचा असं लिहिते.

नोंद कशी लिहायची त्यावर पण बोलते. "खूप मारलं" असं लिहिलं तर सिनियर कागद परत देतात, आणि बरोबरच आहे. शेवटचा फर्लांग (साधारण २०० मीटर) कुठं सुरू झाला, पहिला फटका कुठं, फोरहँड (चाबकाचं टोक वर धरून) की बॅकहँड (टोक खाली धरून), दोन फटक्यांत किती स्ट्राइड गेले, त्यावर घोड्यानं काही केलं का, एवढं हवं. आणि निकाल बघायच्या आधी लिहा. जिंकणाऱ्याचे फटके आपल्याला "जोशात मारलेले" वाटतात आणि हरणाऱ्याचे "उगाच", मी स्वतःवर करून पाहिलंय.

शिक्षेबद्दल नवीन लोकांना वाटतं की कडक दंड लावला की झालं. हिशोब करून बघा. समजा विजेत्याचा वाटा एक लाख डॉलर, जॉकीला त्यातले साधारण दहा टक्के म्हणजे दहा हजार. हिसामध्ये मर्यादेपेक्षा एक ते तीन फटके जास्त झाले तर किमान एक दिवस सस्पेन्शन आणि २५० डॉलर किंवा त्याच्या वाट्याच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते. म्हणजे हजार डॉलर गेले, नऊ हजार खिशात, वर मालक खूश, ट्रेनर पुढची राइड देणार. मग तो का नाही मारणार? म्हणून चार फटके जास्त झाले की तिकडे घोड्याचं बक्षीसच जातं आणि ब्रिटनमध्ये घोडा बाद होतो. मालकाचे पैसे जायला लागले की मालकच जॉकीला दम देतो, स्टुअर्डनं दहा वेळा सांगून जे होत नाही ते एका फोनमध्ये. ब्रिटनमध्ये मोठ्या रेसला शिक्षा दुप्पट करतात तीही याच कारणानं, तिथं मोह जास्त.

पण कडकपणाही अंगाशी येतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०११ मध्ये नियम आणला की शेवटच्या फर्लांगमध्ये पाचच फटके. काही दिवसांतच अ‍ॅस्कॉटला क्रिस्तोफ सुमियों या जॉकीनं सिरस दे झेग्ल या घोड्यावर चॅम्पियन स्टेक्स ही मोठी रेस जिंकली, तिथं एक फटका जास्त झाला आणि त्याच्या वाट्याचे ५० हजार पौंडांहून जास्त गेले, शिवाय सस्पेन्शन. एका फटक्याला! एवढा ओरडा झाला की त्याच महिन्यात ती फर्लांगची अट काढली. २०२३ ला तिथं नुसतं बॅकहँडच मारायचं असंही ठरत होतं, ते लागू व्हायच्या आधीच मागे घेतलं. जॉकी खोटं बोलतात असं समजून आत बसू नका, ताशी साठ किलोमीटरच्या वेगात, घोड्याचा श्वास कानात घुमत असताना सहा मोजणं आपल्याला खुर्चीत बसून वाटतं तेवढं सोपं नाही.

चाबकाला फोमचं पॅडिंग असतं, लागत नाही, हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल. मीही आधी म्हणायचे. सिडनी विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये पुठ्ठ्यावरची कातडी तपासली तर तिचा वरचा थर माणसापेक्षा जाड नाही आणि वेदना टिपणारे मज्जातंतूही तसेच. आता मी ते वाक्य बोलत नाही, चौकशीत दुसरं कोणी बोललं तर वाद घालत नाही, कारण तिथं काम नियमाचं असतं.

तयारी करायची तर जुन्या रेसचा रिप्ले घ्या, एकच जॉकी निवडा, आवाज बंद करा, कॉमेंट्री ऐकली की हात आपोआप जास्त मोजतो. साइडवरून एकदा, हेड-ऑन एकदा, मग स्लो करून एकदा. तिन्ही आकडे जुळले की पुढची रेस. मला पहिल्यांदा जुळायला तीन आठवडे लागले.