राखेची माती हातानं ओळखायची तर

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती न पाळल्यानं माझा एक अख्खा हंगाम वाया गेलाय: ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या या मातीचे नमुने वाळवू नका.

पहिल्याच मोहिमेत मी पस्तीस नमुने आणले होते. शिकवलेल्या शिस्तीनं कागदावर पसरले, सावलीत वाळवले, चाळले आणि पोताच्या तपासणीला दिले. जंगलात बोटावर लोण्यासारखी पसरणारी ती माती अहवालात 'रेताड पोयटा' झाली होती. मी तपासणाऱ्यांशी वाद घातला. चूक त्यांची नव्हती. या मातीतले अतिसूक्ष्म कण वाळताना एकमेकांना असे चिकटतात की पुन्हा पाण्यात घालून कितीही घुसळलं तरी सुटत नाहीत. ते खडे वाळू म्हणून मोजले गेले. तेव्हापासून नमुना खड्ड्यातून थेट दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत जातो, हवा काढून गाठ, आणि वर चिठ्ठी: 'ओलाच तपासा'.

असं का होतं ते समजलं की पुढच्या सगळ्या चाचण्या आपोआप समजतात. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. ती फुटलेल्या लाव्ह्याची बारीक काच असते. काच पावसात भराभर झिजते, आणि पाऊस भरपूर असला, सिलिका धुऊन जात असली, तर तिच्यातून अ‍ॅलोफेन नावाचं खनिज तयार होतं. त्याचे कण म्हणजे पोकळ गोळे, इतके लहान की एका मिलिमीटरच्या ओळीत दोन-अडीच लाख मावतील. आत पाणी, बाहेर पाणी, दोन गोळ्यांच्या मधेही पाणी. सगळा खेळ त्या पाण्याचा आहे.

आता रंगाचं. या मातीचं शास्त्रीय नाव अँडोसोल. जपानीत 'आन' म्हणजे गडद आणि 'दो' म्हणजे माती. नाव वाचून नवखी मंडळी जंगलात काळी माती शोधत फिरतात. जपानची प्रसिद्ध काळी 'कुरोबोकु' माती मुख्यतः गवताखाली, वारंवार लागलेल्या आगींनी काळी झाली. जंगलाखालची राखेची माती बहुतेक वेळा तपकिरी, खाली पिवळसर किंवा तांबूस निघते. उलट, बेसॉल्टच्या लाव्ह्यापासून झालेली काळी चिकणमाती ही वेगळीच जात. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. दोघींचं मूळ ज्वालामुखीत असलं तरी स्वभाव जुळत नाही.

खड्डा कुठे खणायचा? राख आभाळातून पडते तेव्हा सगळ्या उतारावर गोधडीसारखी सारखीच पसरते. पुढची हजारो वर्षं पाणी तिला धारेवरून खरवडतं आणि पायथ्याशी साचवतं. म्हणून माथा आणि पायथा सोडा, उताराच्या मधला सरळ, ना खोलगट ना फुगीर असा भाग धरा. उन्मळून पडलेल्या झाडाजवळ अजिबात नको. झाड पडताना मुळांबरोबर थर उलटेपालटे होतात, आणि शंभर वर्षांनीही तिथे नुसता खड्डा आणि उंचवटा उरलेला असतो. जमिनीचा तो आकार ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. मी दोनदा फसलेय.

वर्गीकरणासाठी वरचे ६० सेंमी बघतात. त्यात एकूण ३६ सेंमी किंवा जास्त जाडीत राखेचे गुणधर्म दिसावे लागतात. मी तरी १२० पर्यंत जाते. डोंगराकडची भिंत उभी तासायची, तीच वाचायची. वरचा पालापाचोळा आणि मुळांची चटई एका ताडपत्रीवर, खालची माती थराथराने दुसरीवर, आणि दोन्ही ताडपत्र्या खड्ड्याच्या बाजूला. वरच्या अंगाला ढीग करू नका, तो रात्रीत खड्ड्यात येतो.

भिंत खुरप्यानं खालून वर सोलत गेलात की मुळं दिसतात. चांगल्या राखेत ती मोकळी पसरलेली असतात आणि एखाद्या रेषेवर एकदम थांबून आडवी वळतात. ती रेषा जपून मोजा. तिथे बहुधा प्युमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतल्या हलक्या सच्छिद्र दगडाचा, जाड थर असतो किंवा राखेखाली गाडली गेलेली जुनी जमीन. अमेरिकेत सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा ज्वालामुखी फुटला, त्याच्या जागी आज क्रेटर लेक आहे. वायव्येकडच्या अनेक डोंगरी जंगलांत त्याची राख अजून टोपीसारखी बसलीय. वर मऊ राख, खाली दगडाळ जुनी माती, आणि झाडं उन्हाळ्यात जगतात ती बरीचशी वरच्या थरातल्या ओलाव्यावर.

आता हाताची चाचणी. हीच माझी सगळ्यात लाडकी. लिंबाएवढी ओली माती घ्या, अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू दाबत न्या. आधी ती घट्ट राहते. मग एका क्षणी, काही न सांगता, बोटं सटकतात. मातीवर पाण्याची चकाकी येते आणि साबण चोळल्यासारखं वाटतं. दाब सोडा, थोडं थांबा: ती पुन्हा घट्ट, चकाकी गायब. जणू पाणी आलंच नव्हतं. साध्या चिकणमातीत हे होत नाही. ती चिकटते आणि वळवली तर लांब दोरी देते, पण ही चिकटत नाही आणि दोरीही धड होत नाही. हे एकदा बोटांना कळलं की पुढच्या चाचण्या म्हणजे पक्की मोहोर.

काच प्रत्यक्ष पाहायची तर चिनी मातीच्या वाडग्यात चमचाभर माती घ्या, पाणी घालून अंगठ्यानं चोळा, गढूळ पाणी ओता, पुन्हा चोळा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस वेळा. जपानी लोक याच पद्धतीला 'वानकाके' म्हणतात. तळाशी उरलेले कण दहापट भिंगाखाली बघा: पारदर्शक, वाकडे, फुटलेल्या बुडबुड्याच्या कपच्यांसारखे तुकडे म्हणजे काच. फार जुन्या राखेत काच झिजून संपलेली असते, तेव्हा ती न दिसणं हा नकार समजू नका.

रसायनाची चाचणी एकच पुरते. सोडियम फ्लोराइडचं १ मोलर द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात ४२ ग्रॅम. इतकं जेमतेमच विरघळतं, धीर धरा. ते प्लास्टिकच्या बाटलीतच ठेवा, काचेला ते खातं. फिनॉल्फ्थॅलिननं (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) भिजवून वाळवलेल्या गाळणकागदावर चिमूटभर ओली माती दाबा आणि वर द्रावणाचे थेंब सोडा. भराभर गुलाबी-लाल झालं तर फ्लोराइडनं अ‍ॅल्युमिनियमला धरलेले हायड्रॉक्सिल बाहेर काढले आणि सामू (pH) चढला, असं समजा. सामूमापक असेल तर १ ग्रॅम माती ५० मिली द्रावणात ढवळा आणि दोन मिनिटांनी वाचा; ९.५ च्या पुढे गेला तर शंका उरत नाही. मात्र आधी जवळच्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकून फेस येत नाही ना बघा, चुनखडीही हाच लाल रंग देते. सूचिपर्णी जंगलाखालच्या, झिरपत्या पाण्यानं धुऊन निघालेल्या आम्ल मातीचा खालचा तांबूस थरसुद्धा फसवतो. द्रावण विषारी आहे: हातमोजे घाला आणि उरलेलं परत न्या, ओढ्यात नको.

वजनासाठी १०० घन सेंमीची कडी लागते. हातोड्यानं ठोकू नका, माती दबते आणि आकडा खोटा येतो. हातानं दाबत, बाजूची माती कापत खाली न्या. माझ्या वहीतला एक नमुना: ओला १२४ ग्रॅम, १०५ अंशांवर वाळवून ५३. म्हणजे घनता ०.५३, आणि मातीपेक्षा पाणी जास्त. राखेच्या मातीसाठी वरची मर्यादा ०.९० आहे, नेहमीची खनिज माती सहसा १.१ ते १.५ भरते. हा वाळवलेला नमुना नंतर फेकून द्या, तो दुसऱ्या कशाच्या कामाचा उरत नाही.

रोपं लावणाऱ्यांना एवढंच: ही माती स्फुरद (फॉस्फरस) गिळते. वर्गीकरणाची अटच मुळी ८५ टक्के फॉस्फेट धरून ठेवण्याची आहे. खत वर फेकलं तर मातीचं झालं, झाडाचं नाही. थोडंच द्या, पण मुळाशी. आणि ओल्या उतारावर अवजड यंत्र नेऊ नका, चाकांची दबलेली वाट पुढची कित्येक वर्षं तशीच राहते.

उताराची खरी भीती थरांच्या जोडावर असते. बारीक राखेखाली जाड प्युमिस असेल तर पाणी लगेच खाली उतरत नाही. वरचा थर जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत ते तिथेच अडतं आणि उतार जड होत जातो. ५ मे १९९८ ला इटलीत सार्नो परिसरात पावसानं चुनखडीच्या डोंगरांवरची व्हेसुव्हिअसची राख सुटली आणि सुमारे १६० माणसं गेली. ६ सप्टेंबर २०१८ ला होक्काइदोत भूकंपानं आत्सुमा भोवतीचे जंगलभरले उतार हजारो ठिकाणी घसरले, तेही राख आणि प्युमिसच्या थरांवरून. म्हणून खड्ड्यात प्युमिसचा खडा सापडला की तो चिमटीत चुरडून बघा. कोरडा करकरीत फुटला तर ठीक. लोण्यासारखा चेपला किंवा त्या थरातून पाणी पाझरत असेल तर वहीत लाल शाईनं लिहा, आणि त्या उताराचा पायथा कापून वाट काढायचा बेत असेल त्यांना त्याच दिवशी सांगा.

खड्डा बुजवताना माती थरांच्या क्रमानं घाला, हलकेच दाबा. पायानं तुडवलीत तर ती चिखल होऊन उताराला वाहू लागते. सगळ्यात वर मुळांची चटई, तिच्यावर पालापाचोळा, आणि डोंगराच्या बाजूला पाणी वळवणारी बोटभर खोल चर.